झँथो जहाजाचे इंजिन

झँथो जहाजाचे इंजिन हे ब्रिटनमधील जॉन पेन अँड सन्स या कंपनीने इ.स. १८६१ च्या सुमारास बनवलेले आडवे, ट्रंक प्रकारचे वाफेचे सागरी इंजिन आहे. शतकाहून अधिक काळ समुद्राच्या तळाशी राहिलेले हे इंजिन १९८५ मध्ये बाहेर काढण्यात आले. सध्या ते पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल येथील संग्रहालयात आहे.

पार्श्वभूमी

एस.एस. झँथो हे लोखंडी जहाज १८४८ मध्ये स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे बांधले गेले. मूळचे हे चाकांवर चालणारे जहाज १८७१ मध्ये पंख्यावर चालणारे करण्यात आले आणि त्यात ब्रिटिश आरमाराचे हे जुने इंजिन बसवण्यात आले. चार्ल्स ब्रॉडहर्स्ट यांनी ते मोत्यांच्या व्यवसायासाठी विकत घेतले. नोव्हेंबर १८७२ मध्ये ते पोर्ट ग्रेगरी येथे बुडाले. त्याचे अवशेष १९७९ मध्ये सापडले.

रचना

या प्रकारात पिस्टनला एक पोकळ नळकांडे जोडलेले असते. कनेक्टिंग रॉड त्या नळकांड्यातून थेट पिस्टनला जोडलेला असल्याने वेगळ्या पिस्टन रॉडची गरज उरत नाही. त्यामुळे इंजिन आटोपशीर होते व पाण्याच्या पातळीखाली, शत्रूच्या तोफगोळ्यांपासून सुरक्षित राहते.

जतनप्रक्रिया

खाऱ्या पाण्यात ओतीव लोखंडातील लोह हळूहळू विरघळते आणि मागे ग्राफाइटचा मऊ थर राहतो. वस्तूचा मूळ आकार याच थरात टिकलेला असतो. मात्र त्यात क्लोराईड क्षार मुरलेले असतात. अशी वस्तू उघड्यावर वाळू दिल्यास हवा व दमटपणा यांच्याशी क्षारांची अभिक्रिया होते आणि पृष्ठभागाला तडे जाऊन त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून समुद्रातून काढलेले लोखंड प्रक्रिया होईपर्यंत ओले ठेवावे लागते.

सागरी पुरातत्त्वज्ञ मायकेल मॅकार्थी यांच्या नेतृत्वाखाली हे इंजिन उचलण्यात आले. त्यावरील कठीण कवच काढून ते अल्कधर्मी द्रावणाच्या टाकीत ठेवण्यात आले. विद्युत अपघटनात वस्तू हा ऋणाग्र असतो. एकदिश प्रवाहामुळे क्लोराईड आयन वस्तूतून निघून धनाग्राकडे जातात. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत यास अनेक वर्षे लागतात. त्यानंतर सुटे केलेले भाग स्वच्छ करून पुन्हा जोडण्यात आले. २००६ पर्यंत हे इंजिन हाताने फिरवता येऊ लागले.

महत्त्व

या प्रकल्पाचा हेतू इंजिन वाफेवर चालवणे हा नव्हता. तसे करण्यासाठी झिजलेले मूळ भाग बदलावे लागले असते आणि त्यांच्यासोबत ऐतिहासिक पुरावाही नष्ट झाला असता. क्रिमियन युद्धाच्या काळात अशा इंजिनांचे उत्पादन मोठ्या संख्येने झाले. त्यासाठी व्हिटवर्थ यांची प्रमाणित आट्यांची पद्धत उपयोगी पडली. सागरी इंजिनांच्या घाऊक उत्पादनाचा हा आरंभकाळ झँथोच्या मूळ भागांवरून प्रत्यक्ष अभ्यासता येतो.