सांधा जुळला, ब्रेक जुळला का?

जुन्या जीपची चॅसी एका गाडीची, गिअरबॉक्स दुसरीचा आणि मागचा अ‍ॅक्सल भंगारातून आणलेल्या तिसरीचा, हे आपल्याकडच्या गॅरेजांत नवल नाही. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली, तेव्हापासूनचे भाग अजून हातोहात फिरतात. अशी गाडी चालू होते, पळतेही. अडते ती उभी करताना.

गैरसमज : हँडब्रेक मागच्या चाकांतच असतो.
वस्तुस्थिती : जुन्या विलीजमध्ये तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी, एकाच छोट्या ड्रमवर असतो. एवढासा ड्रम पुरतो, कारण अ‍ॅक्सलचा रेशो ५.३८ असेल तर शाफ्टवरची पकड चाकापाशी तेवढ्याच पटीने वाढते. त्या जागी ४.१०चा अ‍ॅक्सल बसवला, की तोच ड्रम आणि तोच लीव्हर असूनही पकड जवळजवळ पाव हिश्शाने घटते. म्हणजे अ‍ॅक्सल बदलला की हँडब्रेकही बदलला, त्याला कुणी पाना लावला नसला तरी.

गैरसमज : केबलचं भोक पिव्होटजवळ पाडलं की ब्रेक करकचून लागतो.
वस्तुस्थिती : मूठ पिव्होटपासून ३० सेंटिमीटरवर आणि केबल ५ सेंटिमीटरवर असेल, तर जोर सहापट होतो. हाताने २० किलोचा ताण दिला, तर केबलला १२० किलोचा मिळतो. मूठ १८ सेंटिमीटर सरकली, तर केबल ३ सेंटिमीटर खेचली जाते. भोक अडीच सेंटिमीटरवर आणलं की जोर दुप्पट, पण केबलची ओढ फक्त दीड सेंटिमीटर. शू ड्रमला टेकायला दोन सेंटिमीटर लागत असतील, तर लीव्हर शेवटच्या दात्यावर जातो आणि गाडी घरंगळतच राहते. जोर मिळतो तो ओढ देऊनच, फुकटात नाही.

गैरसमज : केबल लांब पडली तर गाठ मारावी, आखूड पडली तर वेल्डिंगने तुकडा जोडावा.
वस्तुस्थिती : गाठीत तारा मोडतात, वेल्डिंगच्या उष्णतेने त्यांची ताकद जाते. मापाची केबल करून घ्यावी. आधी ड्रममधले शू जवळ घ्यावेत, केबलचा ढिलेपणा त्यानंतर काढावा; उलट केलं तर झिजलेल्या लायनरचा दोष केबलच्या माथी जातो. पिनला स्प्लिट पिनच हवी, वाकवलेला खिळा नको.

गैरसमज : हँडब्रेक ओढला की जॅक बिनधास्त लावावा.
वस्तुस्थिती : शाफ्ट अडकला तरी डिफरन्शियल मोकळाच असतो. मागचं एक चाक उचललं, की ते हवेत उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं. फोर-व्हील टाकलेला नसेल, तर जीप जॅकवरून सरकायला तेवढं पुरतं. म्हणून आधी चाकांना दगड, मग जॅक.

काम झाल्यावर गाडी चढावर दोनदा उभी करून पाहावी, एकदा तोंड वर आणि एकदा खाली. शूची पकड दोन्ही दिशांना सारखी नसते. दगड मात्र दोन्ही वेळा चाकाजवळ तयार असू द्या.