दुधातील जिवाणू आणि उष्णतेचे गणित

सकाळी घरोघरी दुधाच्या पिशव्या पोहोचतात. त्या दुधाचा चहा होतो, ईदच्या दिवशी शीरखुर्माही होतो. हे दूध घरी येण्यापूर्वी त्यातील रोगजंतूंचे काय होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

पुण्यात कात्रज येथे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची मोठी दुग्धशाळा आहे. गावोगावचे दूध तेथे येते. कच्च्या दुधातून क्षयासारखे रोग पसरू शकतात. म्हणून दुग्धशाळांत दूध साधारणपणे ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, किमान १५ सेकंद तितकेच गरम ठेवतात आणि लगेच थंड करतात. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्या नावावरून या क्रियेला पाश्चरीकरण म्हणतात.

उष्णतेने सर्व जिवाणू एकदम मरत नाहीत. समजा, एका पिशवीत १,००० जिवाणू आहेत आणि दर दोन सेकंदांनी दहातील नऊ मरतात. दोन सेकंदांनी १०० उरतील, चार सेकंदांनी १० आणि सहा सेकंदांनी १. मग आठ सेकंदांनी? उत्तर येते, एक दशांश! पण जिवाणूचा दहावा भाग जिवंत कसा असेल? याचा अर्थ असा, की अशा दहा पिशव्यांपैकी साधारण एका पिशवीत एक जिवाणू उरेल. ती पिशवी कोणती, हे गणित सांगू शकत नाही. वेळ वाढवला, की ही शक्यता घटते. पण गणितात ती शून्य कधीच होत नाही.

शिवाय काही जिवाणू अधिक चिवट असतात. नळीच्या मध्यातले दूध कडेच्या दुधापेक्षा वेगाने पुढे जाते, म्हणून त्याला कमी वेळ उष्णता मिळते. त्यामुळे शास्त्रज्ञ केवळ सरासरीवर विसंबत नाहीत. ते सर्वांत चिवट रोगजंतू आणि सर्वांत वेगाने वाहणारे दूध धरून हिशेब करतात.

हिशेबाची पडताळणीही होते. दूध पुरेसे तापले नाही, तर यंत्रातील झडप ते आपोआप मागे वळवते. कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचे विकर असते. ते नष्ट व्हायला क्षयाच्या जंतूंपेक्षा किंचित जास्त उष्णता लागते. म्हणून तपासणीत ते सापडले नाही, तर दूध नीट तापले असे समजतात.

तरीही दूध नासवणारे काही जिवाणू उरतातच. उबेत ते झपाट्याने वाढतात. म्हणून पिशवी घरी येताच थंड जागी ठेवा आणि कच्चे दूध उकळल्याशिवाय कधीही पिऊ नका.