लाकडाने शिकवलं, दगडाने जपलं

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाचा ग्रीक प्रवासी ऑलिंपियातल्या हेरा देवीच्या मंदिरात गेला. मंदिर तेव्हाच सातशे वर्षांहून जुनं होतं. मागच्या दालनातल्या दोन खांबांपैकी एक ओकच्या लाकडाचा आहे, अशी नोंद त्याने करून ठेवली. इ. स. पू. ६०० च्या सुमारास हे मंदिर उभं राहिलं तेव्हा त्याचे खांब लाकडाचे होते. पुढे एकेक खांब काढून त्याच्या जागी दगडी खांब बसवला गेला, आणि ज्या काळात खांब बदलला त्या काळाची घडण त्याला मिळाली. म्हणून आजही तिथल्या अवशेषांत शेजारशेजारच्या खांबांची जाडी जुळत नाही, माथ्यावरचे दगड एकसारखे नाहीत. कित्येक शतकांत शिल्पी काय काय शिकत गेले, ते त्या एका रांगेत वाचता येतं.

प्राचीन ग्रीक कला, इटलीतल्या इट्रुस्कन लोकांची कला आणि आपल्या सह्याद्रीतली लेणी यांची वाटचाल एकत्र पाहिली की एक सूत्र हाती लागतं. माणूस आधी लाकडात बांधायला शिकला आणि ते सगळं शिक्षण सोबत घेऊन दगडाकडे गेला. दगडाला स्वतःचं काही सांगता यायला पुढे कित्येक शतकं लागली.

मारेगाव, वणी, पांढरकवडा या सागाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इकडच्या जुन्या घराची मांडणी सगळ्यांच्या पाहण्यातली आहे: दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबांवर मयाल, मधोमध उंचावर आडं, आड्यापासून दोन्ही अंगांना उतरणारे वासे आणि त्यावर कवेलू. भिंती मातीच्या, पण घराचा भार लाकडावर. ग्रीसमधलं पहिलं देऊळही थोड्याफार फरकाने असंच होतं.

कवेलूंचं वजन

युबिया बेटावर लेफ्कांदी इथे इ. स. पू. ९५० च्या सुमाराच्या एका मोठ्या वास्तूचे अवशेष सापडले. लांबी सुमारे ४५ मीटर, पाया दगडाचा, भिंती कच्च्या विटांच्या, भोवती लाकडी खांब आणि मागची बाजू अर्धगोल. पुढे आठव्या-सातव्या शतकात देवळं वाढली, तरी माती आणि लाकूड हेच सामान होतं. बदल घडवला तो छपराने. सातव्या शतकात कॉरिंथच्या परिसरात गवताच्या जागी भाजलेली कौलं आली. कौलांचं वजन गवताच्या कितीतरी पट. तो भार पेलायचा तर खांब आणि भिंती भक्कम हव्यात. त्याच शतकात ग्रीक व्यापारी आणि भाडोत्री सैनिक इजिप्तमध्ये जाऊ लागले होते. दगड कसा काढायचा, कसा घडायचा, हे त्यांनी तिथे पाहिलं. गरज आणि विद्या एकाच वेळी जुळून आल्या.

पण दगड हाती आला म्हणून जुनी वळणं सुटली नाहीत. डोरिक नावाच्या ग्रीक शैलीतल्या देवळाच्या कपाळपट्टीवर ठरावीक अंतराने तीन उभ्या पट्ट्यांच्या चौकटी दिसतात. रोमन वास्तुकार विट्रुव्हिअस याने इ. स. पू. पहिल्या शतकात त्यांचं मूळ सांगितलं: भिंतीबाहेर डोकावणारी तुळयांची टोकं सुतारांनी फळ्या ठोकून झाकली, आणि पुढे तीच रचना दगडात आली. चौकटींखाली दगडाचे लहान गोलसर ठोकळे ओळीने कोरलेले असतात. त्या लाकडी खुंट्या मानल्या जातात. दगडाला खुंटीची गरज नव्हती. डोळ्याला होती. आजचे सगळे अभ्यासक विट्रुव्हिअसचं म्हणणं जसंच्या तसं मानत नाहीत, तरी या कपाळपट्टीत सुतारकामाची छाप आहे, हे नाकारणं अवघड आहे.

अथेन्सचं पार्थेनॉन इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात झालं. वास्तुकार इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस, शिल्पांची देखरेख फिडिअसची. बाहेरच्या रांगेत ४६ खांब, प्रत्येक खांब संगमरवराच्या गोल तुकड्यांची चळत. हे तुकडे नेमके एकावर एक बसावेत म्हणून प्रत्येकाच्या मध्यभागी चौकोनी खाच केली, तिच्यात लाकडी ठोकळा बसवला आणि त्यात लाकडाचीच खुंटी घातली. म्हणजे ग्रीक वास्तुकलेच्या शिखरावर, शुभ्र संगमरवराच्या पोटातही, सांधा लाकडाचाच होता. जोत्याची फरशी मध्यभागी किंचित फुगवलेली आहे, खांब किंचित आत झुकलेले आहेत. नजरेला इमारत सरळ आणि जिवंत वाटावी म्हणून केलेली ही योजना. दगड इथे स्वतःच्या अकलेने उभा राहू लागला होता.

मूर्तिकलेचा प्रवासही याच वाटेचा. इ. स. पू. सहाव्या शतकातले तरुणांचे उभे पुतळे इजिप्तच्या धर्तीचे: हात अंगाला चिकटलेले, डावा पाय पुढे, अंग ताठ. इ. स. पू. ४८० च्या सुमाराच्या, ‘क्रिटिओसचा मुलगा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुतळ्यात शरीराचा भार एका पायावर आला, कंबर एका बाजूला किंचित कलली आणि मान वळली. दीडशे वर्षांच्या अभ्यासातून आलेला एवढासा बदल. पण तिथून पुतळा श्वास घेतोय असं वाटू लागलं. तरीही फिडिअसने घडवलेल्या सोन्या-हस्तिदंताच्या भव्य अथीनाचा आतला सांगाडा लाकडाचाच होता, आणि अथेन्सकर उत्सवात नवं वस्त्र अर्पण करत ते ऑलिव्हच्या लाकडाच्या जुन्या मूर्तीला. श्रद्धेने लाकूड सोडलं नाही.

देवाचं घर मातीचं, मेलेल्याचं दगडाचं

इट्रुस्कन लोक मध्य इटलीत, आजच्या टस्कनी आणि उत्तर लाझिओच्या भागात राहत. ग्रीकांशी त्यांचा मोठा व्यापार होता आणि ग्रीक चित्रित भांडी ते हौसेने विकत घेत. देवळाच्या बाबतीत मात्र त्यांनी आपला मार्ग धरला. उंच चौथरा, फक्त समोरून पायऱ्या, खोल ओसरी, लाकडी खांब, कच्च्या विटांच्या भिंती आणि बाहेर झुकलेलं रुंद छप्पर. वेई या नगरातल्या देवळाच्या आड्यावर भाजल्या मातीचे पूर्णाकृती देव उभे केलेले होते. त्यातला १९१६ मध्ये सापडलेला अपोलो आज रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. इ. स. पू. ५१० ते ५०० च्या सुमाराचा हा पुतळा माणसाएवढा उंच, झपझप पुढे निघालेला. छपरावरच्या वाऱ्यात उभं राहायचं म्हणून त्याच्या दोन पायांमध्ये मातीचाच नक्षीदार आधार ठेवला आहे.

हेच लोक कबरींसाठी मात्र खडक कोरत. चेर्वेतेरी इथल्या बांदिताच्चा दफनभूमीत मऊ ज्वालामुखी दगडात खोल्या खोदल्या आहेत. इ. स. पू. सातव्या शतकातल्या एका कबरीला ‘झोपडीची कबर’ म्हणतात, कारण तिचं छत गवती छपरासारखं दोन्हीकडे उतरतं. इतर कबरींत आडं, वासे, दारांच्या चौकटी, उशा लावलेले पलंग, सगळं दगडात आहे. इट्रुस्कन घरं काळाच्या ओघात नाहीशी झाली. त्यांच्या आत माणसं कशी राहत, हे आज कळतं ते या कबरींमुळे. रोमन देवळांनी पुढे उंच चौथरा, समोरच्या पायऱ्या आणि खोल ओसरी इट्रुस्कनांकडून घेतली, खांबांची घडण ग्रीकांकडून.

सह्याद्रीतले वासे

आता आपल्याकडे येऊ. मावळातलं भाज्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध उपासनेचं दालन, इ. स. पू. दुसऱ्या शतकातलं. आत पाऊल टाकलं की खांब आतल्या बाजूला कललेले दिसतात. लाकडी इमारतीत कमानदार छप्पर खांबांना बाहेर ढकलतं, म्हणून खांब आत कललेले ठेवतात. डोंगर कोरून काढलेल्या खोलीत छप्पर कोणालाच ढकलत नाही. तरी कोरणाऱ्याने खांब कललेलेच ठेवले, कारण त्याला ठाऊक असलेलं चैत्यगृह तसं होतं. दर्शनी भाग तर खराच लाकडी होता. तो गेला, त्याच्या खाचा राहिल्या.

कार्ल्याचं चैत्यगृह त्यानंतरचं, साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. लांबी सुमारे १२४ फूट, खांब ३७, आणि आता ते जवळजवळ सरळ उभे. दगडाला कलायची गरज नाही, हे एव्हाना उमगलं होतं. पण छताला अजूनही खरे लाकडी वासे आहेत. वजन पेलण्याचं काहीही काम त्यांना नाही, तरी सुमारे दोन हजार वर्षं ते तसेच टिकले आहेत. खांबांच्या तळाशी घडे कोरले आहेत. उधई लागू नये म्हणून लाकडी खांब घड्यात उभा करण्याच्या रीतीतून ते आले असावेत, असं मत अभ्यासकांनी मांडलं आहे. आणि दारावरच्या लेखात धेनुकाकटच्या एका वाढयाचं नाव आहे: वेणुवासाचा मुलगा सामी. लेण्याचं मुख त्याने घडवलं. भारतातल्या सर्वांत देखण्या दगडी दारांपैकी एकावर सही आहे ती वाढयाची.

याच कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्या अनेक यवनांची, म्हणजे ग्रीक वंशाच्या मानल्या जाणाऱ्या लोकांची, नावं आहेत. त्यातली सिहधय, धम यांसारखी नावं इथल्याच वळणाची. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली; नाशिकच्या लेण्यांत दत्तामित्री नगरातून आलेल्या इंद्राग्निदत्त या योनकाने चैत्यगृहासह लेणं खोदवलं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, आणि इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीची जवळची बहीण आपल्या तेरला सापडली. येणं-जाणं भरपूर होतं. पण यवनांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या कार्ल्याच्या खांबांत डोरिक घडण कुठेच नाही. दान परदेशी वंशाचं, कारागिरी इथल्या मातीतली.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात बदल होताना सापडतो. दालनाच्या मधल्या छताला लाकडी वासे होते, त्यांच्या खुणा उरल्या; बाजूच्या पाखांचे वासे मात्र खडकातच कोरलेले. पुढे पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, विदर्भाच्या राजसत्तेखाली, १९ आणि २६ क्रमांकांची चैत्यगृहं झाली. वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचं वाशीम, ही या शाखेची राजधानी. इथे सगळे वासे दगडी झाले, खांब नक्षीने भरले आणि स्तूपावर खुद्द बुद्धमूर्ती आली. वेरूळच्या दहाव्या लेण्यातही वरचे वासे दगडाचेच आहेत, आणि लोक आजही त्याला सुताराचं झोपडं म्हणतात. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात शेजारीच कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं गेलं, तेव्हा दगडाने लाकडाचा हात सोडला.

मारेगावहून वणीमार्गे वर्धा नदी ओलांडली की भद्रावती येतं. तिथल्या विजासन टेकडीत कोरलेला बोळ थेट आत शिरतो, टोकाला बसलेले बुद्ध, आणि काटकोनात फुटलेल्या दोन बोळांच्या टोकालाही तेच. चैत्याचा थाट नाही. पण या प्रवाहाचं एक पाणी आपल्या दारापर्यंत आलं होतं, याचा तो पुरावा.

पहिला धडा अजून उभा आहे

ग्रीकांची लाकडी देवळं गेली, इट्रुस्कनांची घरं गेली, भाज्याच्या आधीचे लाकडी चैत्य गेले. त्यांचा अंदाज आपण दगडातल्या नकलांवरून बांधतो. आपल्या तालुक्यात मात्र पहिला धडा अजून उभा आहे. सागाच्या खांबांची, आड्या-वाशांची घरं गावोगावी शिल्लक आहेत, आणि ती वेगाने उतरवली जात आहेत. स्लॅबचं घर बांधणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गळकं छप्पर आणि उधई ज्याची त्याला सोसावी लागते. पण घर उतरवण्याआधी त्याची मापं घेता येतात. सांधे कसे बसवले, खुंटी कुठे आहे, मयाल किती हातांची, कोणत्या अवजाराने काय केलं, हे म्हाताऱ्या वाढयांना विचारून उतरवून घेता येतं. शाळा-महाविद्यालयातल्या मुलांना हे काम सहज जमेल. टेप, कागद आणि मोबाइलचा कॅमेरा एवढंच लागतं. लेण्यांना पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, या घरांना कोणाचंच नाही. सामीचं नाव दगडात असल्यामुळे आपल्यापर्यंत आलं. आपल्या गावच्या वाढयांची नावं आणि त्यांची विद्या आपणच कागदावर आणायला हवी, आणि ती जाणणारी माणसं अजून आपल्यात आहेत तोवरच.