शेजारी सख्खे, तऱ्हा निराळी!

भाषा एकमेकांना कळते, दोघांकडेही राजा, दोघांनाही बर्फाचं वेड. तरी मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि नॉर्वे-स्वीडननं चक्क दोन टोकं गाठली!

नॉर्वेच्या तेव्हाच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी १२ मार्चला शाळा, जिम, सलून, सगळ्यांचं शटर खाली ओढलं. पण शब्द वापरला 'दुग्नाद'. सोसायटीचं आवार झाडायला सगळे बिनपैशांनी उतरतात ना, ते. आपल्याकडची इर्जिक म्हणा. आता बाहेर हिंडणारा नुसता नियम मोडत नाही, तो कामचुकार ठरतो. आणि ते जास्त झोंबतं, बॉस!

पुढे तर सरकारनं लोकांच्या जिव्हाळ्यालाच हात घातला. डोंगरातल्या स्वतःच्या केबिनमध्ये रात्री राहायला बंदी, कारण तिथल्या छोट्या हॉस्पिटलांना गर्दी झेपली नसती. लोकांनी कुरकुरत ऐकलं. (गंमत म्हणजे २०२१ मध्ये साठीच्या पार्टीला जास्त माणसं जमवली म्हणून खुद्द सोल्बर्गबाईंना पोलिसांनी २० हजार क्रोनरचा दंड ठोकला.)

स्वीडनचा मंत्र होता 'फोल्कवेत', म्हणजे लोकांची समज. धाकट्यांच्या शाळा चालू, रेस्तराँ चालू, फक्त टेबलावर बसून खा. सूत्रं साथरोगतज्ज्ञ आंदेर्स तेग्नेल यांच्याकडे, कारण तिथं मंत्री सरकारी यंत्रणेच्या रोजच्या निर्णयांत ढवळाढवळ करू शकत नाहीत. एका फॅननं तर दंडावर तेग्नेल यांचा चेहरा गोंदवून घेतला!

पण २०२० संपताना लोकसंख्येच्या मानानं स्वीडनमधले मृत्यू नॉर्वेच्या सुमारे दहापट होते. वृद्धाश्रमांत तर हाहाकार. डिसेंबरमध्ये राजानं 'आपण अपयशी ठरलो' असं जाहीर सांगितलं. स्टॉकहोममध्ये सुरुवातीच्या बळींत सोमाली वंशाची माणसं खूपच जास्त होती. लहान घरं, मोठी कुटुंबं, वर्क फ्रॉम होम न मिळणाऱ्या नोकऱ्या. लोकांच्या समजेवर भिस्त ठेवताना 'लोक' म्हणून डोळ्यांसमोर कोण होतं, हा प्रश्न मला तेग्नेल यांच्या कुठल्याही आलेखापेक्षा मोठा वाटतो.

आता पंचाईत अशी की २०२० ते २०२२ ही तिन्ही वर्षं धरली, तर जादा मृत्यूंत स्वीडन युरोपातल्या सर्वांत कमी देशांत बसतो. २०२२ मध्ये चौकशी आयोगानंही लॉकडाऊन टाळणं बरोबर ठरवलं, पण पहिल्या आठवड्यांतल्या ढिलाईवर बोट ठेवलं.

जून २०२० मध्ये नॉर्वेनं डेन्मार्कला दार उघडलं, स्वीडनला नाही. स्वस्त बेकनसाठी येणाऱ्या नॉर्वेच्या गिऱ्हाइकांवर जगणारे स्ट्रोमस्टाडजवळचे मॉल ओस पडले.