पाम स्प्रिंग्ज : झऱ्याकाठचे वाळवंटी शहर

दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सुमारे 170 किलोमीटरवर, सॅन हसिन्टो डोंगराच्या पायथ्याला पाम स्प्रिंग्ज वसले आहे. डोंगराची उंची 3,302 मीटर, गावाची जेमतेम दीडशे. पॅसिफिककडून येणारे ढग डोंगराच्या पलीकडेच रिते होतात आणि अलीकडच्या कोचेला खोऱ्याला नुसते ऊन मिळते. जुलैत पारा रोजच 42 अंशांच्या आसपास जातो. 5 जुलै 2024 रोजी तो 51 अंशांवर पोचला. अशा जागी माणसे मौजेखातर येऊ लागली याचे मूळ कारण आजही शहराच्या मध्यावर वाहते आहे: जमिनीतून वर येणारा, सुमारे 40 अंश उष्णतेचा झरा.

हा झरा इथल्या मूळच्या कहुईया लोकांचा. स्पॅनिश लोकांनी त्याला ‘आग्वा कालिएंते’, म्हणजे गरम पाणी म्हटले आणि इथल्या कहुईया गटाला तेच नाव चिकटले. 2018 मध्ये झऱ्याजवळ बांधकाम सुरू असताना सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या वापरातल्या वस्तू सापडल्या. हिवाळ्यात खोऱ्यात राहायचे आणि उन्हाळा लागला की डोंगरातल्या गार घळींत जायचे, असा या लोकांचा वर्षाचा क्रम होता. वाळवंटात राहण्याची याहून शहाणी रीत नंतर आलेल्यांनाही सापडलेली नाही.

1876 आणि 1877 मध्ये अमेरिकन सरकारने त्यांच्यासाठी जमीन राखून ठेवली, पण विचित्र पद्धतीने. सगळ्या भागाचे एक-एक चौरस मैलाचे तुकडे पाडले होते. त्यांतले विषम क्रमांकाचे तुकडे रेल्वे कंपनीकडे होते. सम क्रमांकाचे कहुईयांच्या वाट्याला आले. नकाशावर बुद्धिबळाचा पट मांडावा तशी ही वाटणी आजही कायम आहे. शहरात फिरताना एका चौकोनात जमातीची जमीन असते, तर रस्ता ओलांडला की खाजगी मालकीची. पुढचा सगळा इतिहास या पटावरच घडला.

1884 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे वकील जॉन मॅक्कॅलम आजारी मुलाला कोरडी हवा मानवेल म्हणून इथे राहायला आले. त्यांनी व्हाइटवॉटर नदीपासून दगडांनी बांधलेला 19 मैलांचा पाट आणला आणि फळबागा उभ्या केल्या. पुढे आलेल्या दीर्घ दुष्काळात बागा गेल्या. त्यांचे मातीच्या विटांचे घर मात्र टिकले. शहरातली ही सर्वांत जुनी इमारत आता संग्रहालय आहे. शेती हरली, पण हवा विकली गेली. 1909 मध्ये नेली कॉफमन यांनी ‘डेझर्ट इन’ सुरू केले ते आजाऱ्यांसाठी. काही वर्षांतच तिथे धडधाकट आणि श्रीमंत पाहुणे येऊ लागले. 1920च्या दशकाअखेरीस ‘एल मिरादोर’ हॉटेल उघडले, 1934 मध्ये दोन नटांनी ‘रॅकेट क्लब’ काढला आणि हॉलिवूडचे लोक आठवड्याच्या सुटीला इथे येऊ लागले. 1938 मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला.

वैभवाच्या या काळाला एक काळी बाजू आहे आणि ती वगळून शहराची ओळख पुरी होत नाही. झरा ज्या चौरस मैलात आहे तो ‘सेक्शन 14’ कहुईयांचा. तेव्हा कायद्याने त्यांना जमीन फार थोड्या मुदतीनेच भाड्याने देता येत असे. म्हणून तिथे हॉटेले आली नाहीत. हॉटेलांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांनी साधी घरे बांधली. वायोला ओर्टनर यांच्या नेतृत्वाखाली जमातीच्या केवळ स्त्रियांच्या परिषदेने दीर्घ मुदतीच्या हक्कासाठी वॉशिंग्टनपर्यंत झगडा दिला आणि 1959 मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याला मुभा मिळाली. जमिनीचा भाव चढला आणि गरिबांची घरे पाडण्याचा, जाळण्याचा सपाटा लागला. 1968 च्या राज्य सरकारच्या अहवालाने याबद्दल नगरपालिकेला कडक शब्दांत दोषी धरले. नगरपालिकेने माफी मागितली ती 2021 मध्ये. 2024 मध्ये 59 लाख डॉलरच्या भरपाईवर तडजोड झाली.

त्याच भूखंडावर 2023 मध्ये जमातीने झऱ्याचे नवे स्नानगृह आणि आपले संग्रहालय उघडले. पाहुण्याने सुरुवात इथून करावी. मग शहराच्या दक्षिणेच्या घळींत जावे. त्याही जमातीच्याच ताब्यात आहेत. पाम कॅनियनमध्ये पंख्यासारख्या पानांचे हजारो ताड ओढ्याच्या कडेने उभे आहेत. वाळलेली पाने गळत नाहीत. खोडाला घागऱ्यासारखी लोंबत राहतात आणि त्यांत पक्षी नि वटवाघळे आसरा घेतात. जवळच्या अँड्रियास कॅनियनमध्ये खडकात पडलेले वाटोळे खळगे दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तिथे धान्य-बिया कुटल्या, त्याच्या त्या खुणा.

डोंगरावर जायला तारेवरचा पाळणा (केबल कार) आहे. 1935 मध्ये फ्रान्सिस क्रॉकर या विद्युत अभियंत्याने खाली उकाड्यात उभे राहून वरचा बर्फ पाहिला आणि तिथवर जाण्याची कल्पना धरली. ती पुरी व्हायला 1963 साल उजाडले. कड्यांवर रस्ता नेणे अशक्य होते, म्हणून तारा पेलणाऱ्या पाचपैकी चार मनोऱ्यांचे सामान हेलिकॉप्टरच्या सुमारे 23,000 फेऱ्यांनी पोचवले. 2000 पासून पाळण्याचा तळ स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे ऐंशी प्रवाशांतल्या प्रत्येकाला आळीपाळीने दरी दिसते. दहा-बारा मिनिटांत निवडुंग मागे पडतात आणि 2,596 मीटरवर देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांच्या गारव्यात माणूस उतरतो. हिवाळ्यात तिथे बर्फ असतो.

शहराची खरी श्रीमंती मात्र घरांत आहे. 1946 मध्ये वास्तुकार रिचर्ड नॉयट्रा यांनी दुसऱ्याच एका कॉफमन कुटुंबासाठी बांधलेल्या घरात ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या आहेत. वाळूचे वादळ आले की त्या फिरवून बंद करायच्या. दुसरा मजला बांधायला परवानगी नव्हती, म्हणून गच्चीवर भिंतींविना छप्पर उभारले. घर खाजगी आहे, रस्त्यावरूनच पाहता येते. वास्तुकार ल कॉर्बुझिएंच्या हाताखाली काम केलेल्या आल्बर्ट फ्रे यांनी 1964 मध्ये स्वतःचे घर डोंगरउतारावर बांधले. जागेवरचा प्रचंड खडक त्यांनी फोडला नाही. काचेची भिंत त्याच्या आकाराने कापली आणि खडक घरातच राहू दिला. पडदे पिवळे, कारण वसंतात उतारावर फुलणारी रानफुले पिवळी. फ्रे यांचाच 1965 चा पेट्रोल पंप, आकाशात झेपावणाऱ्या छपराचा, आता पर्यटन माहिती केंद्र आहे. अलेक्झांडर कंपनीने 1950 च्या दशकापासून बांधलेल्या दोन हजारांवर घरांमुळे हीच शैली मध्यमवर्गापर्यंत पोचली. दर फेब्रुवारीत या वास्तुकलेचा उत्सव भरतो आणि एरवी बंद असणारी काही घरेही तेव्हा आतून पाहता येतात.

हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. उन्हाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात, पण घळींत जायचे तर दिवस उजाडतानाच निघावे आणि पाणी सोबत घ्यावे. दुपारी गाव ओस पडते. संध्याकाळी सॅन हसिन्टोची सावली रस्त्यांवर उतरली की माणसे पुन्हा बाहेर पडतात.