हरवलेल्या हातोड्याचा शोध

पिके निघाल्यावर इंग्लंडमधील मोकळ्या शेतांतून काही हौशी मंडळी एक लांब दांडा जमिनीलगत फिरवीत चाललेली दिसतात. ते असते धातुशोधक यंत्र. दांड्याच्या टोकाशी असलेल्या तबकडीत तारेची वेटोळी असतात. त्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली म्हणजे तिच्यातही सूक्ष्म प्रवाह वाहू लागतात. त्यांचा प्रभाव यंत्र टिपते आणि कानी नाद पडतो.

यंत्र विकत घेता येते. कान मात्र तयार करावा लागतो. म्हणून नवशिक्याने प्रथम आपल्याच अंगणात खिळा, नाणे, डब्याचे झाकण अशा वस्तू निरनिराळ्या खोलीवर पुराव्यात व प्रत्येकीचा नाद ओळखण्यास शिकावे. मग मालकाच्या परवानगीने नांगरलेल्या शेतात जावे. तबकडी जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवावी आणि प्रत्येक फेरा मागील फेऱ्यावर थोडा चढवावा. खणलेला प्रत्येक खड्डा बुजविणे हाही याच शिक्षणाचा भाग होय.

परंतु सर्वांत अवघड धडा निराळाच आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातील हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधण्यास त्याने एरिक लॉज या निवृत्त मित्रास बोलाविले. हातोड्याऐवजी लागले रोमन काळचे सोन्याचांदीचे धन! थोडे बाहेर काढताच लॉज यांनी हात आवरला आणि अधिकाऱ्यांस वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सुमारे पंधरा हजार नाणी तर मिळालीच, शिवाय ती ज्या पेटीत होती तिच्या खुणा व आतील मांडणीही कळली. लॉज अधीरपणे खणत राहिले असते, तर धन हाती आले असते. इतिहास मात्र मातीत मिसळला असता. पुढे तो हातोडाही सापडला आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचला!

आपल्या देशातही गुप्तधनाविषयीचा कायदा १८७८ पासून आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी खबर देणे त्यानुसार बंधनकारक आहे. तेव्हा नांगराच्या फाळाला एखादे जुने नाणे लागले, तर कुदळ बाजूस ठेवावी, जागेची खूण करावी आणि वडीलधाऱ्यांस हाक मारावी. शोधणे यंत्राला जमते. थांबणे मनुष्यालाच शिकावे लागते.