छोट्या पडद्याने मोडलेला शिक्का

'वास्तव' (१९९९) या चित्रपटात रीमा लागू संजय दत्तच्या आई झाल्या, तेव्हा दोघांच्या वयांत अंतर होते जेमतेम वर्षभराचे. त्याच्या दहा वर्षे आधी 'मैंने प्यार किया'मध्ये त्या सलमान खानच्या आई झाल्या, त्या वयाच्या एकतिसाव्या वर्षी! 'सोशिक, प्रेमळ आई' हा शिक्का हिंदी चित्रपटाने त्यांच्यावर मारला तो कायमचाच.

खरे तर त्या रंगभूमीच्या कन्या. अभिनेत्री मंदाकिनी भडभडे यांची ही मुलगी. मूळ नाव नयन. बँकेतली नोकरी सांभाळून त्या मराठी नाटकांत उभ्या राहिल्या. 'पुरुष', 'सविता दामोदर परांजपे' ही नाटके पाहिलेल्यांना त्यांचा आवाका वेगळा सांगायला नको.

हा आवाका घरोघरी पोहोचवला तो दूरचित्रवाणीने. 'खानदान'पासून (१९८५) सुरुवात झाली, पण सूर सापडला १९९४ मध्ये. 'श्रीमान श्रीमती'तली कोकिळा आणि 'तू तू मैं मैं'मधली खट सासू या दोन भूमिकांनी त्यांना विनोदाचे हक्काचे अंगण दिले. वय इथेही वाढवलेलेच. सून झालेल्या सुप्रिया पिळगावकर त्यांच्याहून अवघ्या नऊ वर्षांनी लहान. मात्र या सासूला भांडण्याची, हरण्याची आणि हसवण्याची मुभा होती. रडणे तिच्या वाट्याला नव्हते.

'नामकरण' मालिकेत त्यांनी करारी, प्रसंगी क्रूर दयावंती रंगवली. त्या मालिकेचे काम सुरू असतानाच १८ मे २०१७ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ५८. मालिका पुढे चालू राहिली. दयावंतीची भूमिका रागिणी शाह यांच्याकडे गेली.